पूर्वसांचं पाणी

मांजर टोपलीत जायला तयार नव्हतं. मी त्याच्या अंगावर जुनं धोतर टाकलं, चारी पाय एकदम आत कोंबले आणि झाकण दाबून वरून सुंभ आवळला. तेवढ्यात त्याने माझा हात ओरबाडलाच.

ओटीवर बसून हे बघणारे जनार्दन भावोजी म्हणाले, "वैनी, मांजराक पण न्हेतंस?"

"मांजर, कोंबड्यो, कुत्रो, सगळा. तुमी मुंबैत रवान इसारल्यात काय?"

"इसारलंय नाय. पण मांजर मागे रवला तर देवाचा काय जाता?"

"ता देवाक इचारा. माका नको."

ते हसले. हसले तरी मांडीवरची तपकिरी बॅग त्यांनी खाली ठेवली नाही. तिच्यात जमिनी घेणाऱ्या कंपनीचे कागद होते, हे मला माहीत होतं.

आमच्या कांदळवेळीत काही वर्षांनी एकदा गावपळण होते. दिवाळी सरली, भात घरात आलं, की रवळनाथाला कौल लावतात. त्याने हो म्हटलं की ठरल्या दिवशी देवळाचा ढोल वाजतो आणि सगळा गाव गुराढोरांसकट शिवेबाहेर जातो. तीन दिवस गावात माणूस राहत नाही, जनावर राहत नाही, चूल पेटत नाही. मग पुन्हा कौल होतो आणि मग परत यायचं. का जातात, ह्याच्या गोष्टी पुष्कळ आहेत. माझ्या सासूबाई एवढंच म्हणायच्या, "देवाक पण कदी तरी आपलो गाव आपणाक व्हयो आसता."

मी चूल विझवली, राख सारखी केली. दाराला कुलूप घालायचं नाही, नुसती कडी, अशी रीत. शेवटचं काम तांब्याचं. चिंचेने घासलेल्या तांब्यात विहिरीचं ताजं पाणी भरायचं, शेजारी वाटीत गुळाचा खडा, आणि दोन्ही ओटीच्या कडेला ठेवून द्यायचं. गाव रिकामा झाला की घराघराचे पूर्वस, म्हणजे त्या घरची गेलेली माणसं, आपल्या घरी येऊन राहतात असं आमच्याकडे मानतात. उन्हातून आलेल्याला आपण गूळपाणी देतो, तसं ते त्यांना.

भावोजी तांब्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "वैनी, कंपनीचो साहेब उद्या सड्यार येतलो. सगळे भागीदार एका जाग्यार गावतत असो दिवस परत येवचो नाय. कौल झालो की सह्यो करून टाकूया."

"आणि मी खंय जाव?"

"कुडाळात तुका दोन खोल्यो घेवन देतंय. नळाचा पाणी. दवाखानो जवळ."

"शेजार कोणाचो?"

"गावतलो कोणी तरी."

मी वाटीतला गुळाचा खडा सारखा केला. ते हलक्या आवाजात म्हणाले, "माजा बग गो. गिरण बंद. एका खोलीत झील, सून, दोन पोरां आणि मी. मी गॅलरीत निजतंय. पावसाळ्यात थंय पण पाणी येता."

हे खोटं नव्हतं. मी त्यांची काळाचौकीची खोली पाहिली होती. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. माझे यजमान त्यांच्यापेक्षा पुष्कळ मोठे. ते गेल्यापासून मी घरात एकटीच होते, पण घर दोघा भावांचं, सातबारावर नाव दोघांचं. कंपनीला किनाऱ्यालगतची सगळी वाडी हवी होती, घरांसकट. बाकीचे बहुतेक तयार होते. आमचं घर मधोमध, देवळाच्या वाटेवर. ते मिळालं नाही तर काही उपयोग नव्हता. भावोजींनी सही केली असती तर मी एकटी नाही म्हणून किती दिवस टिकणार होते?

"परत इल्यार बगूया," मी म्हटलं आणि टोपली उचलली.

ढोल वाजला. दर वेळी मला वाटायचं की आता आपल्याला ह्याची सवय झाली असेल, आणि दर वेळी मी दाराची कडी पुन्हा चाचपून बघायचे. सगळ्या घरांतून एकाच वेळी माणसं बाहेर पडली. पुढे गुरं, त्यांच्या पाठोपाठ डोक्यावर बिछाने आणि टोपं घेतलेल्या बायका, कुणाच्या काखेत कोंबडा, कुणाच्या पाठीवर म्हातारी आई. मुंबईहून आलेली पोरंटोरं, पँट दुमडलेले त्यांचे बाप. खाडीवरच्या साकवावरून ही रांग पलीकडे गेली आणि सड्याची, म्हणजे वरच्या कातळपठाराची, चढण चढू लागली. साकव म्हणजे पोफळीच्या खोडांचा अरुंद पूल. म्हशी त्यावरून जाईनात, त्या पाण्यातून गेल्या.

सड्यावर आधीच माडाच्या झापांच्या झोपड्या उभ्या केल्या होत्या. सामान टाकलं आणि सगळे कड्याशी येऊन उभे राहिले. ही रीत नाही. कुणी सांगितलेलं नाही. पण प्रत्येक वेळी असंच होतं.

खाली आमचा गाव होता. माडांचे शेंडे, त्यांतून दिसणारी लाल कौलं, देवळाचा कळस, पुढे वाळू आणि पाणी. एकाही घरावर धूर नाही. एक कोंबडा आरवत नाही. वाटांवर कुणी नाही. आणि मग समुद्र ऐकू यायला लागला. आम्ही जन्मभर त्याच्या काठावर राहिलो, पण गावात असताना तो असा ऐकू येत नाही. आमच्याच आवाजाखाली तो दबलेला असतो. आता तो घराघरातून फिरतोय असं वाटत होतं. सूर्य टेकला, संध्याकाळ झाली आणि गावात एकही दिवा लागला नाही. लहान मुलंसुद्धा न सांगता गप्प झाली. शेजारची सुंदराकाकी, जी झोपेतही बोलते असं तिचा नवराच सांगायचा, तिने पदर तोंडाशी धरला होता.

माझ्या बाजूला भावोजी उभे होते. त्यांच्या खांद्याला बॅग होती.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकत होती तेव्हा पोरं ओरडली, "गाडी! गाडी!"

आम्ही कड्याशी धावलो. पलीकडच्या डोंगरावरून गावात उतरणाऱ्या रस्त्यावर धूळ उडत होती. पांढरी जीप. त्या रस्त्यावर शिवेपाशी आंब्याचा टाळ, म्हणजे पानांची फांदी, आडवा टाकलेला असतो. आमच्या मुलखातला कुणीही तो टाळ बघून गाडी मागे वळवतो. जीप तिथे थांबली. आतला एकटा माणूस उतरला, त्याने टाळ उचलून कडेला ठेवला, आणि जीप गावात शिरली.

कुडाळचा दलाल उल्हास आमच्यातच बसून मटणाचा रस्सा ओरपत होता. त्याचा हात ताटातच राहिला. "साहेब. मी सड्याच्या रस्त्यान या म्हणान सांगलेलंय त्येंका."

"मगे जा, हाड त्येका भायर," कुणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी तात्या गावकरांकडे पाहिलं. तात्या देवाचे मानकरी, कौल लावणारे, ऐंशीच्या घरातले. ते शांतपणे म्हणाले, "कोणी जावचा नाय. गेलो तो परत हय येवचो नाय."

उल्हास बसला. पोरांनी हाका मारल्या, पण वारा समुद्रावरून होता, हाका आमच्याच तोंडावर परत येत होत्या. मग आम्ही सगळेच कड्यावर बसलो. एवढा मोठा गाव, म्हातारे-कोतारे, लेकुरवाळ्या, आणि सगळ्यांची नजर एका पांढऱ्या शर्टावर.

तो शर्ट देवळापाशी थांबला. मागे जाऊन जीपचा हॉर्न वाजवून आला. परत थांबला. मग चालायला लागला. एका खळ्यात, म्हणजे अंगणात, दिसायचा, माडांत नाहीसा व्हायचा, दुसऱ्या खळ्यात उगवायचा.

"माज्या गोठ्यात शिरलो," सुंदराकाकी म्हणाली. "शिर बाबा. म्हस हय आसा."

"आता मेस्त्रीच्या न्हाणीकडे गेलो."

"थंय धामण आसता."

"धामणीक कोणी सांगूक नाय आज गावपळण ती?"

हसू उसळलं, पण फार टिकलं नाही. कारण तो दारं उघडत होता. नुसत्या कड्या होत्या, काढल्या की दार उघडलं. आपलं घर असं लांबून, कुणीतरी उघडताना बघणं, ह्याचं काय करायचं ते कुणालाच कळेना. आत जायचा, बऱ्याच वेळाने बाहेर यायचा, पायरीवर उभा राहून सगळीकडे बघायचा. आमच्या खळ्यात आला तेव्हा भावोजी उभे राहिले. तो आमच्या ओटीवर बसला. बसूनच राहिला.

"काय करता थंय?" भावोजी म्हणाले. त्यांनी डोळ्यांवर हात आडवा धरला.

मग बहुधा त्याला आमच्या झोपड्यांचा धूर दिसला. तो साकवावरून आला आणि चढण चढून वर पोचला तेव्हा घामाने भिजला होता. सबनीस नाव. पन्नाशीचा, गोरटेला, बोलायला अगदी मऊ माणूस. वाईट नव्हता. आल्या आल्या त्याने बूट काढले आणि तात्यांना वाकून नमस्कार केला.

"माफ करा," तो म्हणाला, "मला कल्पना नव्हती. पण खरं सांगू? बरं झालं चुकलो ते. मी जन्मात असं काही पाहिलं नाही."

तो बसला आणि सांगत राहिला. शेणाने सारवलेली खळी, केरसुणीच्या रेघा अजून तशाच. कुठे कुलूप नाही. विहिरीवर दोर नीट गुंडाळलेला. पानसुद्धा पडलं तर ऐकू येत होतं. "देवळासमोर उभा होतो. कुणीतरी माझ्याकडे बघतंय असं वाटलं. भीती नाही हो, पण अंगावर काटा आला. डोळ्यांत पाणी आलं माझ्या."

आम्ही ऐकत होतो. मला त्याचा राग येईना. आम्ही वरून जे बघत होतो, ते तो आत उभा राहून बघून आला होता, आणि आमच्यातल्या कुणालाही ते कधी बघायला मिळणार नव्हतं.

"आणि आदरातिथ्य तरी काय," तो म्हणाला. "माणूस घरात नाही, तरी पाहुण्यासाठी पाणी आणि गूळ. निळ्या दाराचं घर आहे ना, देवळाच्या वाटेवर? घसा कोरडा पडला होता. सगळं पाणी प्यायलो. गूळही खाल्ला. तांब्या विसळून पालथा घालून ठेवलाय हं, आमच्या आईची शिस्त."

सुंदराकाकीने तोंडावर हात नेला. तात्यांनी डोळे मिटले. निळं दार आमचंच होतं.

सबनीसांना वाटलं असेल की आम्ही कौतुकाने गप्प झालो. ते भावोजींकडे वळले. उल्हासने आधीच ओळख करून दिली होती. "तुमच्यामुळेच हे जमून येतंय. आज मला पटलं की आमची निवड चुकलेली नाही. हेच पाहिजे आम्हाला. अगदी असंच."

"असंच म्हणजे कसं, साहेब?" भावोजींनी विचारलं.

"ही शांतता. शहरातला माणूस पैसे मोजतो ते ह्याच्यासाठी. घरं, पायवाटा, विहिरी, काही पाडायचं नाही. आतून सुधारायचं, बाहेरून आहे तसंच ठेवायचं. आज आहे तसं."

"म्हणजे आम्ही हयसर आणि गाव थयसर."

सबनीस मोकळेपणाने हसले. "तसं नव्हे. जत्रेला, पूजेअर्चेला तुम्ही या ना. देवळाला आम्ही हात लावणार नाही. वाटही ठेवू."

"आणि पाणी कोण ठेवणार?"

"पाण्याची लाइन आम्ही टाकणारच आहोत. त्याची काळजी नको."

भावोजींनी मान हलवली. कुणी समजावून सांगितल्यावर आपण जशी हलवतो, तशी. मग ते उठले आणि कड्याच्या टोकाला जाऊन, आमच्याकडे पाठ करून बसले. सबनीसांना लोकांनी जेवू घातलं. पाहुणा तो. जीप गावातच होती, आणि कौल होईपर्यंत ती आणायला कुणी आत जाणार नव्हतं. उल्हासने त्यांना आपल्या मोटारसायकलवर बसवून सड्याच्या रस्त्याने नेलं. जाताना ते सगळ्यांना हात करत होते.

मी जेवणाचं पान घेऊन भावोजींकडे गेले. त्यांनी ते बाजूला ठेवलं.

"वैनी, तुका आठवता?"

मला आठवत होतं. माझे सासरे शिडाच्या मचव्यावर तांडेल, म्हणजे मुख्य खलाशी, होते. मी घरात यायच्या आदल्या वर्षी त्यांचा मचवा गेला तो परत आला नाही. ना फळी लागली, ना माणूस. पिंड घालायला सासूबाई तयारच नव्हत्या. माझी पहिली गावपळण झाली आणि परत यायचा ढोल वाजला, तेव्हा हा दहा वर्षांचा पोर सगळ्यांच्या पुढे, साकवावरून एका दमात पळत गेला. मी मागून पोचले तेव्हा तो ओटीवर गुडघ्यांवर बसला होता. तांब्यात बोट घालून बघत होता. मला म्हणाला, "वैनी, बाबा येवन गेले. पाणी कमी झाला." त्या दिवशी तो पोटभर जेवला. सासूबाईंनी त्यानंतर पिंड घातले.

"आठवता," मी म्हटलं.

"कदी कमी झाला नाय असा झाला नाय. दर टायमाक बोटभर." त्यांनी गावाकडे पाहिलं. "ह्या वेळाक काय बगूचा?"

मी पान पुन्हा त्यांच्या पुढ्यात सरकवलं.

शेवटच्या दिवशी पहाट फुटल्यावर तात्यांनी निघायच्या आधी सड्यावरच गाऱ्हाणं घातलं. नेहमीचं झाल्यावर त्यांनी त्यात भर घातली. "देवा म्हाराजा, एक परको माणूस तुज्या रजेबिगर आत शिरलो. नकळत पूर्वसांचा पाणी पिलो. त्येका तहान लागलेली. तान्हेल्याचो गुन्हो धरू नको."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. सगळ्यात मोठा आवाज सुंदराकाकीचा.

तात्या आणि दोन मानकरी खाली उतरले. देवळात पाषाणाला पाण्याने फुलांचे कळे चिकटवतात. उजव्या बाजूचा आधी पडला तर देवाचा होकार. होकार झाला की ढोल. आम्ही सामान बांधून वाट बघत उभे होतो. ऊन वर आलं. गुरं चुळबुळायला लागली. ढोल वाजेना. एरवी भाकरी भाजून होते ना होते तोवर वाजतो. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. माझ्या मनात आलं, देवाने नाही म्हटलं तर? उजव्या कळ्याने पडायचं नाही असं ठरवलं तर? समोर गाव दिसतोय, घर दिसतंय, दाराला कुलूप नाही, आणि आत जायची सोय नाही. तो गाव मी आयुष्यभर झाडला, सारवला, पण त्या घटकेला तो मला इतका मोठा, इतका दुसऱ्या कुणाचा तरी वाटला की माझे हात आपोआप जोडले गेले.

ढोल वाजला.

पन्नाशी गाठलेले, गुडघे दुखणारे भावोजी सगळ्यांच्या पुढे पळाले. साकवावरून पळाले. कुणीतरी मागून ओरडलं, "जना, पडशीत रे!" तपकिरी बॅग झोपडीतच राहिली होती, ती नंतर सुंदराकाकीच्या नवऱ्याने आणून दिली.

मी टोपली सांभाळत पोचले तेव्हा ते ओटीच्या पायरीवर बसले होते. तांब्या पालथाच होता. वाटी रिकामी, तिच्यात मुंग्या.

त्यांनी तांब्या उचलला, विहिरीवर गेले, पोहरा सोडला, तांब्या घासला, भरला. परसातल्या अळवाचं पान आणून वर झाकलं, मग काढून टाकलं. ओटीच्या कडेला, नेहमीच्या जागी ठेवला. मी पायरीवर पाय ठेवला तसा त्यांनी हात आडवा केला.

"वैनी, वाईच थांब. आत जाव नको."

"कित्याक?"

"त्येंका पियांदे."

मी थांबले. आजूबाजूच्या घरांत दारं उघडत होती, चुली पेटत होत्या, माणसं एकमेकांना हाका मारत होती. आम्ही दोघं आमच्याच खळ्यात परक्यासारखे उभे होतो. टोपलीत मांजर ओरडत होतं. दोघांचीही नजर तांब्यावर. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. सावली सरकली एवढं आठवतं.

मग ते म्हणाले, "चल. चाय कर."

सह्यांचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. उल्हास रस्त्यावर येऊन थोडा वेळ उभा राहिला आणि गेला. भावोजी मुंबईला परत गेले. पुढे कित्येक वर्षं त्यांची सून माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. ते गॅलरीतच निजत राहिले. थकल्यावर गावी आले आणि ह्याच ओटीवर गेले.

कंपनीने आमचा नाद सोडून डोंगरापलीकडचं बावखोल हे गाव घेतलं. तिथल्या लोकांना गावपळण नव्हती. त्यांची घरं आता सुंदर आहेत, कौलंसुद्धा जुन्यासारखीच. ज्यांनी घेतली त्यांनी भाव वाढेल म्हणून घेतली, राहायला कुणी येत नाही. सबनीस म्हणाले होते तशीच शांतता. एक राखणदार असतो, बिहारकडचा. आमची गावपळण लागली की तो संध्याकाळी सड्यावर आमच्याकडे जेवायला येतो. म्हणतो, काकी, तिकडे माणसं नसतात, पण दुसरंही कुणी नसतं.

आता मला खुर्चीत बसवून साकवापलीकडे नेतात. आता तिथे सिमेंटचा पूल आहे. निघण्याआधी तांब्या मात्र मीच भरते. गुळाचा खडा थोडा मोठा ठेवते, भावोजींना गोड फार लागायचं. परत आल्यावर मला आधी ओटीपाशी न्यावं लागतं. मागच्या खेपेला पाणी बोटभर कमी होतं.

उन्हाने पाणी आटतं, हे मला कळतं. ऊन बावखोलातही तेवढंच पडतं, पण तिथे तांब्या भरून ठेवणारं कुणी नाही.